कोकणात घडणारी मानसिक थराराची मराठी कादंबरी कोणती?

चिं. त्र्यं. खानोलकर यांची ‘कोंडुरा’ (१९६६) ही कादंबरी आपल्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर ठरेल. खानोलकर (१९३०–१९७६) यांचा जन्म वेंगुर्ले परिसरातील बागलांची राई येथला असून कविता ते आरती प्रभू या नावाने लिहीत. समुद्रकाठच्या कोंडुरा या जागेशी जोडलेल्या सिद्ध पुरुषाकडून नायकाला गर्भ पाडणारी मुळी मिळते, पण सोबत ब्रह्मचर्याची अटही येते. त्यानंतर जे घडत जाते ते दैवी कौल आहे की दबलेल्या वासनेने त्याच्या मनात उभा केलेला भास, याचा निर्णय लेखक शेवटपर्यंत देत नाही, आणि खरा थरार तिथेच आहे. देवाचा शब्द मिळाला असे एकदा वाटले की माणूस दुसऱ्याच्या आयुष्यात किती निर्धास्तपणे हात घालतो, हे त्यात फार जवळून दिसते. मात्र खून, तपास आणि शेवटच्या पानावरचा उलगडा अशी आपली अपेक्षा असेल, तर ही कादंबरी निराशा करील. गती संथ आहे आणि गूढ शेवटपर्यंत पुरते फिटत नाही. श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये तिच्यावर हिंदीत ‘कोंडुरा’ व तेलुगूत ‘अनुग्रहम्’ हे चित्रपट केले, परंतु त्यांत कथा आंध्रातील गावात नेलेली असल्याने कोकणासाठी पुस्तकच वाचावे. ते आवडल्यास खानोलकरांचीच ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) घ्यावी.