ठिबकच्या अनुदानाची यादी मागता येते का?

प्रश्न : शिरोळ तालुक्यात माझा दोन एकर ऊस आहे. ठिबकसाठी अर्ज करून वर्ष होत आलं, अजून पूर्वसंमती नाही. गावात कुणाला किती अनुदान मिळालं असं विचारलं, तर ‘ती लोकांची खासगी माहिती आहे’ म्हणून परत पाठवलं. हे बरोबर आहे का? यादी मागितली तर भावकीत वाईटपणा येईल, असं घरचे म्हणतात.
— एक शेतकरी

उत्तर : दादा, हे बरोबर नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४(१)(ख) उघडून बघा. अनुदान योजनेत वाटलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा आहे, कुणी मागायची वाट न बघता. खासगी माहितीचं कलम अलीकडे कडक झालंय, पण हे कलम जागेवर आहे. आधार क्रमांक, बँक खातं मात्र मागू नका. ते खरंच खासगी.

अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि १५० शब्दांत आटपा. कुणा एकाचं नाव घालू नका, अख्ख्या गावाची यादी मागा : लाभार्थी, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, जमा झाल्याची तारीख आणि मोका तपासणीची, म्हणजे रानात येऊन केलेल्या पाहणीची, तारीख. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मोका तपासणीवर माझा जोर आहे, त्याला कारण आहे. कृषी खात्यात असताना तुमच्याच भागात मी एका गोठ्यात गेलो होतो. आढ्याला लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या नळ्यांची, भेंडोळी टांगलेली, वर कोळिष्टकं. बाहेर उसाला पाटाने पाणी चाललेलं आणि सरीच्या वरंब्यावर मिठासारखा पांढरा थर. कागदावर ते रान ठिबकचं होतं. शिरोळात जास्तीच्या पाण्याने किती जमीन क्षारपड झाली, हे तुम्हाला मी काय सांगू! हा पैसा पाणी आणि माती वाचवायला दिलेला आहे. तो गोठ्यात लटकला, तर नुकसान शेजारच्या रानाचंही होतं.

यादी हातात आली की लगेच कुणावर बोट ठेवू नका. अल्पभूधारकाला पूरक अनुदान धरून ८० टक्के, इतरांना ७५ टक्के मिळतं, आणि तेही बिलावर नाही, ठरलेल्या मापदंडावर. लॅटरलमधलं अंतर बदललं की रक्कम बदलते. त्यामुळे शेजाऱ्याला जास्त मिळाले, एवढ्यावरून घोटाळा ठरत नाही.

भावकीचं म्हणाल, तर एकट्याने यादी घेऊन दारोदार फिरू नका. ग्रामसभेत सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) बोलवा आणि यादी त्यांनाच वाचू द्या. तुमच्या स्वतःच्या अर्जाचं काय झालं, यासाठी वेगळा अर्ज करा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज क्रमांक त्यात न विसरता घाला.