सोसायटीच्या ग्रुपवर रोज मुसलमानांविरुद्ध मेसेज येतात. मोहल्ला कमिटीसारख्या गोष्टींनी खरंच काही फरक पडतो का?

पडतो. मात्र कमिटी कोणाची आणि ती कधी बसते, ते बघावं लागतं.

मी भिवंडीचा. आमच्या गावात १९७० आणि १९८४ ला मोठ्या दंगली झाल्या. शांतता समित्या तेव्हाही असायच्या की! सण जवळ आला की पोलीस ठाण्यात ठरलेले पुढारी, चहा-बिस्किटं, ‘हम सब एक हैं’, संपली बैठक. दगड ज्यांच्या गल्लीत पडायचे त्यांना आमंत्रण नसे.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवून वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस नियमित भेटू लागले. बोलायला दंगलीचाच विषय लागत नसे. शेजाऱ्यांची भांडणं, घरगुती तक्रारी अशा किरकोळ गोष्टी तिथेच मिटायच्या. हवालदार नावानिशी ओळखीचा झाला, आणि मुसलमान वस्तीत ही लहान गोष्ट नव्हती. १९७० च्या दंगलीवर न्या. मादन आयोगाने आणि पुढे मुंबईच्या दंगलीवर न्या. श्रीकृष्ण आयोगाने, दोघांनीही पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवलंय.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी पडली, मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. खोपडे यांची तोवर बदली झाली होती, तरीही. अफवा आली की पलीकडे फोन करायला ओळखीचं कुणीतरी होतं, एवढंच.

काहीजण म्हणतात, भिवंडीत यंत्रमागाचा धंदा दोन्ही समाजांचा, आणि धंदा एकमेकांवर अवलंबून असला की माणसं भांडत नाहीत. १९८४ ला काय लूम, सूत आणि कामगार वेगळे होते? धंद्याने ओळख होते, पण रात्री बारा वाजता दार ठोठावण्याइतका भरवसा वेगळा कमवावा लागतो.

मुंबईतही १९९४ पासून माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्यांचं काम केलं, पोरांचे क्रिकेटचे सामनेही भरवले.

आता तुमचा ग्रुप. रात्री औरंगजेबावर वाद घालत बसू नका, त्यात मेसेज टाकणाऱ्यालाच मजा येते. ‘हे कुठलं, कधीचं?’ एवढंच विचारा. फोटो जुना किंवा भलत्याच ठिकाणचा निघाला, तर त्याच ग्रुपवर टाका, टोमणा न मारता. कुणी ‘यांना धडा शिकवा’ म्हणत असेल, तर तो वादाचा विषय उरत नाही. स्क्रीनशॉट ठेवा. दोन समाजांत वैर पेरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलंय.

आणि एक आडवा प्रश्न: तुमच्या सोसायटीत मुसलमान कुटुंबं किती? असतील तर पाणी, पार्किंगच्या कामात त्यांना घ्या. ईदच्या शिरखुर्म्यापुरती आठवण काढून भागत नाही. एकही नसेल तर एजंटला विचारा. तो बहुतेक म्हणेल, ‘कमिटीला चालत नाही.’ मग पुढच्या वार्षिक सभेत उभं राहून विचारा, कुठल्या ठरावाने? महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवलं की पुरे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.