जुन्या टाटा १२१० ट्रकचं कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा १९८६ सालचा टाटा १२१० दारात उभा आहे, इंजिन उतरवून नव्याने बांधायचंय, पण कंपनीचं मूळ पुस्तक कुठेच मिळत नाही. डीलरने "एवढ्या जुन्याचं आता नसतं" म्हणून परत पाठवलं, आणि इंटरनेटवर सापडतं ते सगळं नव्या गाड्यांचं.

मी या शोधातून गेलोय. आमच्याकडेही १२१० होता. हंगामात ऊस, एरवी कोकणातून चिरा. एकदा हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं म्हणून एका गॅरेजात काम करून घेतलं. मिस्त्रीने हेडचे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले. बाराव्या दिवशी कुंभार्ली घाट चढताना पाणी पुन्हा उकळलं, आणि वडिलांनी ती रात्र घाटात गाडीखाली दगड लावून काढली. तेव्हाच ठरवलं, पुस्तक हातात आल्याशिवाय पुढचं हेड उघडायचं नाही. पुस्तक मिळायला सात महिने लागले, कारण मी चुकीची गोष्ट शोधत होतो.

मी "१२१०" शोधत होतो. ते गाडीचं नाव. त्यातले १२ म्हणजे साधारण बारा टन एकूण वजन आणि १० म्हणजे शंभराच्या आसपास अश्वशक्ती. गॅरेजात उघडायच्या असतात त्या वस्तू वेगळ्या: इंजिन, गिअरबॉक्स, मागचा हौसिंग, डिझेल पंप. जुनी पुस्तकं याच मोठ्या जोडभागांप्रमाणे, म्हणजे अ‍ॅग्रिगेटप्रमाणे विभागलेली असतात. म्हणून आधी चॅसीवर काय बसलंय ते बघा. आरसी बुकावर विसंबू नका, चाळीस वर्षांत किती गाड्यांची इंजिनं बदलली गेली त्याला गणती नाही. इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर घासलेट आणि वायर ब्रशने साफ करून वाचा. टाटाच्या इंजिन नंबरची सुरुवातच इंजिनाच्या नावाने होते. या पिढीच्या गाड्यांत ते ६९२ किंवा ६९७ असतं. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. म्हणजे ६९७ हे सहा सिलिंडरचं, ९७ मिमी बोअरचं इंजिन. त्यापुढे टीसी असेल तर टर्बोवालं. टाटाच्याच छोट्या ४०७ ट्रकच्या ४९७ इंजिनाचाही बोअर ९७ च आहे, पण स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) १०० मिमी, आणि ६९७ चा १२८. तेव्हा "बोअर तोच, पुस्तक तेच" असं म्हणून कुणी ४०७ चं पुस्तक देऊ लागला तर घेऊ नका.

नाव कळलं की दुसरी गोष्ट. हीच इंजिनं टाटाच्या बसच्या चॅसीतही होती, आणि बस म्हणजे एसटी. एकट्या ट्रकमालकाने पुस्तक कधी विकत घेतलंच नाही, त्याचं सगळं काम मिस्त्रीच्या हातावर. एसटीचं तसं नव्हतं. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे तिच्या मध्यवर्ती कार्यशाळा, शिवाय गावोगावी आगारं. शेकडो इंजिनं एकाच मापाने बांधायची तर पुस्तक लागणारच. म्हणून तुमच्या तालुक्याच्या आगारातून निवृत्त झालेला हेड मेकॅनिक शोधा. मला ज्यांच्याकडे मिळालं त्या काकांनी ते पत्र्याच्या पेटीत, जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं. पानांना तेलाची बोटं, समासात पेन्सिलीने त्यांनी स्वतः घेतलेली मापं. मूळ प्रत त्यांनी दिली नाही, आणि तेच बरोबर होतं. मी दोन दिवस त्यांच्या ओट्यावर बसून फोटो काढले. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि पहिल्याच भेटीत पुस्तक मागू नका. गाडीबद्दल विचारा. पुस्तकात नसलेलं खूप काही त्यांच्याकडून कळतं.

आयटीआयचे डिझेल मेकॅनिक ट्रेडचे जुने निदेशक हा दुसरा चांगला रस्ता, वर्गात शिकवायला त्यांच्याकडे अशी पुस्तकं असायची. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे आणि नाना पेठेतल्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत विचारा, पण हा नशिबाचा भाग.

इंटरनेटवर शोधताना कंपनीचं आजचं नाव लिहू नका. २००३ पर्यंत ती टेल्को होती, जुन्या पुस्तकांवर तेच नाव आहे. मला उपयोगाचे सगळे निकाल "टेल्को" आणि "६९७" एकत्र इंग्रजीत लिहिल्यावरच आले. पैसे घेऊन पीडीएफ देणारे खूप आहेत. त्यांच्याकडून आधी दोन पानांचे फोटो मागवा: छपाईचं साल असलेलं पान आणि टॉर्कचा तक्ता, म्हणजे कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा ते. तक्ता नसेल तर तो पार्ट्स कॅटलॉग किंवा ड्रायव्हरची पुस्तिका आहे. पार्ट्स कॅटलॉग वाईट नाही, कुठला वॉशर कशानंतर बसतो हे त्यातल्या सुट्या चित्रांवरून छान कळतं, फक्त मापं मिळत नाहीत.

तोवर एक आधार आहे. टेल्कोचा मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मन डाइमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा होता आणि त्या घराण्याची छाप नंतरच्या इंजिनांवरही राहिली. ६९७ चा बोअर-स्ट्रोक मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाशी तंतोतंत जुळतो, ९७ गुणिले १२८, म्हणजे ५,६७५ घन सेंमी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. ओएम ३५२ मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकमध्येही असल्यामुळे त्याची पुस्तकं स्कॅन केलेली भरपूर मिळतात. उघडण्या-बांधण्याचा क्रम समजून घ्यायला ती उत्तम. पण बोल्टचा टॉर्क आणि बेअरिंगची अंडरसाइज मापं (क्रँक ग्राइंड केल्यावर लागणारी) त्यातून उचलू नका. टाटाने पुढे स्वतःचे बदल केले, ती मापं टाटाच्याच पुस्तकातली हवीत. एवढ्या एका बाबतीत घाई केली तर क्रँक ग्राइंडिंगचा सगळा खर्च पाण्यात जाईल.

डिझेल पंपासाठी मात्र पुस्तकाची वाट बघू नका. पंपावरची पट्टी साफ करून तिच्यावरचा पूर्ण नंबर लिहून घ्या. जुन्या पंपावर मायको असेल, ती बंगळूरची कंपनी २००८ पासून बॉश नावाने आहे. चांगल्या पंप-नोझलवाल्याकडे नंबरप्रमाणे टेस्टिंगचे आकडे असतात. पंप घरी उघडू नका, ते काम टेस्ट बेंचवरचंच.

आमचं हेड शेवटी पुस्तकाप्रमाणे बसवलं. मधल्या बोल्टपासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने, आणि इंजिन गरम करून पुन्हा एकदा. ती गाडी पुढे नऊ हंगाम चालली, हेड पुन्हा उघडावं लागलं नाही.

तुमच्या ब्लॉकवरची सुरुवातीची अक्षरं आणि आकडे इथे लिहा. ६९७ असेल तर हेड, टॅपेट, ऑइल पंप आणि क्रँकच्या पानांचे स्पष्ट फोटो माझ्याकडे आहेत, पाठवतो. ६९२ असेल तर माझी पानं वापरू नका, आधी आगाराकडे जा.