पत्रपेटी : आधी शाळेचा बाक, मग डोंगरवाट

मेक्सिकोतल्या वाहाका शहरात मी पाच आठवडे राहून आले, एवढंच मागच्या अंकात दोन ओळींत लिहिलं होतं. त्यावर सांगली-साताऱ्याकडून इतकी पत्रं आली की या वेळी पेटीत दुसरा विषयच नाही. त्यातली चार घेते.

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको दोघंही निवृत्त. मुलगा टेक्सासला असतो, नोव्हेंबरात त्याच्याकडे जाणार आहोत. तिथून तीन आठवडे मेक्सिकोतल्या डोंगराळ गावांत काढायचे मनात आहे. एजंटाने सात दिवसांत पाच शहरं अशी सहल काढून दिली आहे. तुम्ही म्हणे तिथे भाषेच्या वर्गाला बसलात. या वयात आम्हाला ते जमेल का, की सरळ गाइड घ्यावा? आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : भाऊ, एजंटाचा तो कागद बाजूला ठेवा. सात दिवसांत पाच शहरं केलीत तर बसच्या खिडकीतून दिसेल तेवढंच पदरात पडेल. तुमच्या हातात तीन आठवडे आहेत. त्यातले दोन वाहाकातच काढा आणि रोज सकाळी शाळेत जा. फिरणं दुपारी आणि शनिवार-रविवारी. तिसरा आठवडा डोंगरात.

वयाची काळजी करू नका. शाहूपुरीतून निघाले तेव्हा मी एकसष्टची होते, जन्मभर भूगोल शिकवलेला, स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. माझ्या वर्गात माझ्याहून मोठी दोन माणसं होती. तिथल्या शाळांची रीत साधारण सारखीच असते. सोमवारी सकाळी तुमची थोडी परीक्षा घेऊन कुठल्या गटात बसवायचं ते ठरवतात. एका गटात चार-पाच जण, रोज तीन-चार तास शिकवणी, आणि पैसे आठवड्याचे आठवड्याला. एकास एक शिकवणीही मिळते, पण तुम्ही गटातच बसा, चुका वाटल्या जातात. दुपारी स्वयंपाकाचा, विणकामाचा नाहीतर नाचाचा वर्ग असतो. इंग्रजी शिकणाऱ्या गावातल्या मुलांबरोबर तासभर गप्पांची सोयही बऱ्याच शाळा करून देतात. अर्धा तास त्यांचं इंग्रजी, अर्धा तास आपलं स्पॅनिश. राहण्यासाठी हॉटेल न घेता शाळेकडून एखाद्या घरी सोय करून घ्या. खरी शाळा त्या घराच्या जेवणाच्या टेबलावर भरते. तिथलं मोठं जेवण दुपारी दोननंतर असतं आणि त्या वेळी सगळं घर बोलतं.

मराठी माणसाला ही भाषा इंग्रजीवाल्यापेक्षा सोपी जाते, हे मी वर्गात रोज बघत होते. त्यांचा त आणि द आपलाच, दाताला जीभ लावून म्हणायचा. स्वर लिहिलेत तसेच उच्चारायचे. नामाला लिंग असतं आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं, याने माझ्या शेजारची अमेरिकन बाई रडकुंडीला यायची. आपण मात्र चांगला-चांगली-चांगलं असं तिन्ही लिंगांत वाढलेलो, त्यांच्याकडे तर दोनच आहेत. तू आणि तुम्ही हा भेदही आहे. 'उस्तेद' म्हटलं की क्रियापद तृतीयपुरुषी लागतं, जणू 'आपण' म्हणतोय. मी अडखळले ते 'असणे' या क्रियापदावर. त्यांच्याकडे त्याची दोन आहेत, सेर आणि एस्तार, आणि कुठे कुठलं ते अंगवळणी पडायला मला दहा दिवस लागले. एक शब्द इथूनच शिकून जा, 'अओरिता'. शब्दार्थ 'आत्ता', पण चालतो तो आपल्या 'आलोच' सारखा. पाच मिनिटं, नाहीतर तासभर. तो कळला की चिडचिड होत नाही.

आता भाषा आधी का, ते सांगते. पहिल्या आठवड्यात मीही चौकातल्या एका सहल कंपनीची दिवसभराची सहल घेतली. सकाळी आठला निघालो. मेस्काल या तिथल्या दारूच्या दुकानात दीड तास, बुफेच्या हॉटेलात सव्वा तास आणि ज्यासाठी मी पैसे भरले होते त्या तेओतित्लान गावच्या विणकरांकडे वीस मिनिटं. गाइड इंग्रजीत भरभर बोलला, सगळ्यांनी फोटो काढले, गाडी सुटली. मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच गावी एकटी गेले, वडापने. आपल्याकडे जीप भरली की सुटते तसंच तिथे 'कोलेक्तिवो' असतं. गाव शहरापासून तीसेक किलोमीटर. एका अंगणात बाई माग लावून बसल्या होत्या. मी माझ्या मोडक्या वाक्यात विचारलं, हा लाल रंग कशाचा? त्यांनी उठून निवडुंगाचं एक पान आणलं. त्यावर पांढऱ्या बुरशीसारखे किडे चिकटलेले, कोचिनीया. त्यातला एक माझ्या तळहातावर चिरडला, गडद किरमिजी. त्यावर लिंबू पिळलं, रंग नारिंगीकडे झुकला. चिमूटभर चुना टाकला तर जांभळा. स्पॅनिश राजवटीत हा रंग जहाजं भरभरून युरोपला जायचा. त्या बाईंनी मला अडीच तास बसवून घेतलं, चहासारखा गरम चॉकलेटचा पेला दिला आणि निघताना माझ्या नातीचं वय विचारलं. पहिल्या वेळी त्याच गल्लीतून मी गेले होते आणि मला काहीच मिळालं नव्हतं. मध्ये फक्त दोन आठवड्यांचा वर्ग होता.

बोलताना संकोच करू नका. त्या डोंगरात स्पॅनिश ही कित्येकांची दुसरी भाषा आहे. वाहाका राज्यात सोळा मूळ जमाती, आणि त्यांच्या आपापल्या भाषा. मेक्सिकोचा मोठा राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस तिथलाच, १८०६ मध्ये गेलाताओ गावात जन्मलेला सापोतेक जमातीचा पोरगा. आईबाप लहानपणीच गेले. बारा वर्षांचा असताना डोंगर उतरून पायी शहरात आला, तेव्हा त्यालाही स्पॅनिश जवळजवळ येत नव्हतं. म्हणून तुम्ही थांबत थांबत बोललात तर समोरचा वाट बघतो. नीट ऐकू आलं नाही तर 'मांदे?' म्हणा, तिथे ते अदबीचं आहे.

शाकाहाराचं नीट लक्षात घ्या, कारण इथे घोळ होतो. 'मांस नको' म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, कारण बोलीत 'कार्ने' म्हणजे बहुधा गाई-डुकराचं मांस. घोटलेल्या घेवड्यात आणि तामाल या मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पदार्थात डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा : 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका', म्हणजे मांसाशिवाय, कोंबडीशिवाय, चरबीशिवाय. त्लायुदा ही मोठी कडक भाकरी घ्याल तेव्हा 'सिन आसिएन्तो' हेही जोडा, तिच्यावर चरबीचा थर फासतात. हे सांभाळलंत तर खाण्याची चंगळ आहे. भोपळ्याची फुलं आणि चीज घातलेली केसादिया ही दुमडलेली भाकरी, निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी, आंबिलीसारखं मक्याचं आतोले. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, पाट्यासारख्या दगडावर वाटतात. मी राहायचे त्या घरची आजी पहाटे वाटायला बसली की मला आमच्या माणमधल्या घराची आठवण यायची. बाजारात 'आलेग्रिया' नावाची वडी मिळते, ती आपली राजगिऱ्याची चिक्कीच. राजगिरा आणि मिरची दोन्ही मूळची तिकडचीच. नळाचं पाणी मात्र पिऊ नका.

अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. फक्त तो अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना ते बघा, परत टेक्सासला यायचंय. १ आणि २ नोव्हेंबरला त्यांचा पितरांचा सण असतो. तेव्हा वाहाकात खोली मिळणं कठीण, म्हणून एक तर फार आधी ठरवा नाहीतर आठवडाभर उशिरा जा. जमलं तर सण बघाच. स्मशानं झेंडूने भरून जातात, आणि दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू मूळचा त्यांचाच.

प्रश्न : ताई, मी कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षं ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय. वासोटा, सज्जनगड, अजिंक्यतारा सगळं पायाखाली घातलंय. नोकरी लागण्याआधी तिकडे एकटीने ट्रेक करायचा आहे. वाहाका की चिआपास राज्यातलं सान क्रिस्तोबाल? (कराड)

उत्तर : मुली, तू वाहाकाच्या वरच्या सिएरा नोर्ते या डोंगररांगेत जा. तिथे आठ गावांनी मिळून जंगल राखलंय. मालकी सगळ्यांची सामायिक, नाव 'पुएब्लोस मानकोमुनादोस'. गावागावांना जोडणाऱ्या शंभरावर किलोमीटरच्या पायवाटा आहेत, चालायच्या आणि सायकलच्याही. गावातलाच वाटाड्या घ्यावा लागतो, रात्री शेकोटी असलेल्या लाकडी खोलीत झोपायचं, जेवण गावच्या खानावळीत. पैसे गावाच्या तिजोरीत जातात. तिथे 'तेकिओ' म्हणून श्रमदान आहे आणि ते ऐच्छिक नाही, गावकऱ्याला पाळीने करावंच लागतं. माण-खटावात पाण्यासाठी खपलेल्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्यातलं क्वाहिमोलोयास हे गाव सुमारे ३,२०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जवळपास दुप्पट. वासोटा दमात चढणारी असशील, तरी तिथे पहिल्या दिवशी धाप लागेल आणि डोकं दुखेल. वाहाका शहर दीड हजार मीटरवर आहे, तिथे चार दिवस राहून मगच वर जा. पहिला मुक्काम ठोकलास की त्या दिवशी लांब चालू नकोस. लातुवी ते लाचाताओ ही जुनी वाट दरीतून, ओढ्याकाठाने जाते. ती तुला आवडेल. पावसाळा साधारण मे-जून ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते मार्च आभाळ मोकळं असतं, पण रात्री बोचरी थंडी, लोकरीची टोपी हवीच.

सान क्रिस्तोबाल सुंदर आहे, उंची सुमारे २,२०० मीटर, शिकायला स्वस्त. वर्गासाठी खुशाल जा. तिथून सुमिदेरोच्या घळीत बोटीने फिर. चिआपा दे कोर्सोहून बोट सुटते, दोन्ही बाजूंना काही ठिकाणी हजार मीटरपर्यंत सरळ कडे, काठावर मगरी. खाली धरण बांधल्याने नदी फुगलेली आहे, त्यामुळे तुला बामणोलीहून शिवसागरातून वासोट्याला जाताना वाटतं तसंच वाटेल. पण त्या भागात एकटीने रानवाटा धरू नकोस. चिआपासच्या काही भागांत गेल्या काही वर्षांत टोळ्यांचा उपद्रव वाढलाय आणि रस्ते अचानक अडवले जातात. गावाबाहेर जायचं ते दिवसाउजेडी, ओळखीच्या वाटाड्याबरोबर. लांबचा प्रवास पहिल्या दर्जाच्या बसने कर. शाळेत सोमवारी सगळ्यात आधी हेच विचार, या आठवड्यात कुठले रस्ते चालू आहेत. बाई-मास्तरांना ताजी खबर असते. अडचणीत ९११ फिरव. आणि रोज संध्याकाळी आईला फोन. तिकडे संध्याकाळचे सात वाजले की कराडात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा, ती उठलेलीच असेल.

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. चामुला गावच्या चर्चचे आतले फोटो कुठेच दिसत नाहीत. परवानगी कशी मिळवायची? (तासगाव)

उत्तर : मिळवू नका. सान हुआन चामुला हे सान क्रिस्तोबालजवळचं त्सोत्सिल लोकांचं गाव. चर्चमध्ये जायला छोटं तिकीट आहे, आत कॅमेरा काढायला सक्त बंदी. बाकडी नाहीत. जमिनीवर पाइनच्या हिरव्या काड्या अंथरलेल्या, लोक फरशीवर मेणबत्त्या चिकटवून आजाऱ्यासाठी पुटपुटत बसलेले. कुणाच्या घरी आजार आहे, आणि आपण तिथे उभे आहोत. मी कॅमेरा पिशवीत तळाशी घालून पाऊण तास भिंतीला टेकून होते. बाहेर चौकातही माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नको. विणकाम टिपायचं असेल तर शेजारच्या सिनाकान्तानला जा. तिथल्या बायका कमरेला पट्टा बांधून मागावर बसतात आणि घरी आलेल्याला बहुधा आनंदाने दाखवतात. एखादं कापड विकत घ्या, मग विचारा.

प्रश्न : कासला फुलं बघायला दरवर्षी जातो. मेक्सिकोतली लाखो फुलपाखरं बघायला कधी जावं? (वाई)

उत्तर : मोनार्क फुलपाखरं कॅनडा-अमेरिकेतून येऊन मेक्सिको शहराच्या पश्चिमेच्या डोंगरात, तीन हजार मीटरच्या आसपास ओयामेल झाडांवर हिवाळा काढतात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर मार्चपर्यंत ती तिथे असतात. फेब्रुवारी सगळ्यात चांगला. एल रोसारियोला स्थानिक वाटाड्याबरोबर जा, चढ झेपत नसेल तर घोडं मिळतं. पहाटे धावत सुटू नका. थंडीत ती फांद्यांना घोसासारखी लटकून असतात आणि झाड नुसतं वाळकं दिसतं. अकरा-बाराला ऊन आत शिरलं की उडतात. ढगाळ दिवस निघाला तर खालच्या गावात मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढा.