एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) ४ नंबरच्या जर्सीतला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण: बॉबी ऑर की जाँ बेलिव्हो?

माझं मत ठामपणे बॉबी ऑरला.

बेलिव्होची बाजू लेचीपेची नाही. मॉन्ट्रियलसाठी १,१२५ सामन्यांत ५०७ गोल, १,२१९ गुण (गोल अधिक गोलसाठी दिलेले पास), खेळाडू म्हणून १० स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) आणि तब्बल दहा मोसम कर्णधारपद. फक्त कप मोजायचे तर वाद तिथेच मिटतो. पण कप संघ जिंकतो, आणि त्या काळचा मॉन्ट्रियल संघ दिग्गजांनी भरलेला होता.

ऑर बचावपटू होता, हे आधी लक्षात घ्या. तरीही १९७० आणि १९७५ मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले. आजवर दुसऱ्या एकाही बचावपटूला हे जमलेलं नाही. १९७०-७१ मध्ये त्याचा प्लस-मायनस +१२४ होता. म्हणजे पॉवर प्लेचे (शिक्षेमुळे प्रतिस्पर्ध्याचे खेळाडू कमी असतानाचे) गोल वगळता, तो बर्फावर असताना बॉस्टनने खाल्लेल्या गोलांपेक्षा १२४ गोल जास्त केले. हा विक्रम अजून अबाधित आहे. स्वतःच्या गोलपाशी पक (खेळातली रबरी चकती) घ्यायचा, वेगाने पूर्ण रिंक ओलांडायची आणि चाल फसली तर परत बचावाला हजर. बचावपटूने असंही खेळावं, हे त्यानेच रुजवलं. सलग ८ नॉरिस ट्रॉफी (मोसमातल्या सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार) उगाच नाही मिळाल्या.

त्याच्याविरुद्ध एकच मुद्दा खरा आहे: डाव्या गुडघ्याने दगा दिला आणि कारकीर्द ६५७ सामन्यांत आटोपली. तरी सामन्यामागे सरासरी १.३९ गुण, बेलिव्होचे १.०८, तेही सेंटर, म्हणजे आक्रमक खेळाडू, असून.

४ नंबरच्या जर्सीत तिसरं नाव न्यू जर्सीचा बचावपटू स्कॉट स्टीव्हन्सचं.