पहिल्या वर्गाआधी एवढं करा

पहिली बॅच मिळाली, अभिनंदन! मी इंदूरमध्ये बरीच वर्षं संध्याकाळच्या वर्गात प्रथमोपचार शिकवते, म्हणून मोजकंच सांगते.

नवे शिक्षक हमखास करतात ती चूक म्हणजे अख्खा पहिला तास बोलत राहणं. हाडांची नावं, व्याख्या, स्लाइड्स. दहा मिनिटांत मुलांना सरावाच्या पुतळ्याशी गुडघ्यावर बसवा आणि सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं, करायला लावा. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात भरून येतात. येऊ द्या! आळीपाळीनं का दाबायचं, ते मग सांगावं लागत नाही.

दुसरं, घरातले समज. भाजलं की टूथपेस्ट, फिट आली की नाकाशी कांदा नाहीतर चप्पल, साप चावला की करकचून दोरी. यावर हसू नका, हे आजीनं मायेनं सांगितलेलं असतं. आधी ऐकून घ्या, मग कारण द्या: भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी, कारण आतली उष्णता निघायला वेळ लागतो.

बाकी थोडक्यात:
- १०८ला फोन करून खुणेसकट पत्ता सांगण्याचा सराव हिंदीतच घ्या.
- पुतळ्याचा चेहरा प्रत्येकानंतर पुसा.
- 'पोलिसांचा त्रास होईल का?' हे विचारतीलच. अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ए संरक्षण देतं, हे ठामपणे सांगा.

प्रसूती, मोठे अपघात वगैरे पुढच्या सत्रात बघू. तुमच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची मुदत मात्र आजच तपासा.