सॉफ्टवेअर बनवताना क्लायंटच्या गरजा समजून घेण्याच्या टप्प्यातच पॅटर्न (नेहमीच्या प्रश्नांवरचे ठरलेले साचे) वापरता येतात का, की ते फक्त कोडिंगसाठी असतात?

हो, वापरता येतात, फक्त ते पॅटर्न वेगळे. 1994 च्या 'डिझाइन पॅटर्न्स' पुस्तकातले 23 पॅटर्न क्लास-ऑब्जेक्टच्या, म्हणजे कोडच्या रचनेच्या पातळीवरचे आहेत. पहिल्याच मीटिंगमध्ये ते काढून उपयोग नाही. सुरुवातीला लागतात ते ॲनालिसिस पॅटर्न, म्हणजे व्यवहारातच पुन्हा पुन्हा दिसणारे साचे. गोदामातला माल, ग्राहकाचे पॉइंट्स, कर्मचाऱ्यांच्या रजा या तिन्हींचा साचा एकच: खातं आणि नोंदी. 'शिल्लक रजा 7' हा आकडा थेट बदलत बसायचं नाही. जमा झालेल्या आणि घेतलेल्या प्रत्येक रजेची नोंद ठेवायची, शिल्लक त्यातून काढायची. हे डोक्यात असलं की क्लायंटला नेमकं विचारता येतं:

- चुकलेली नोंद खोडायची की उलट नोंद करायची?
- मागच्या तारखेची नोंद चालेल का?

हेच प्रश्न टेस्टिंगमध्ये निघाले तर डेटाबेसमधली टेबलं नव्याने मांडावी लागतात. मी एकदा मांडली आहेत, म्हणून सांगतोय. मात्र साचा आधी ठरवून गरजा त्यात कोंबू नका. क्लायंटला नुसती यादी हवी असेल, तर यादीच द्या.